स्पॅनिंग ट्री किती? हाताने, निश्चयकाने आणि कॉम्प्युटरवर मोजण्याची रीत

ग्राफ म्हणजे काही शिरोबिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या कडा. सिंपल ग्राफमध्ये कोणत्याही दोन शिरोबिंदूंमध्ये फार तर एकच कड असते, आणि कोणतीही कड निघाल्या शिरोबिंदूकडेच परत येत नाही. आता अशा ग्राफमधल्या काही कडा खोडायच्या. अट अशी की एकही शिरोबिंदू बाकीच्यांपासून तुटता कामा नये आणि एकही चक्र, म्हणजे फिरून निघाल्या जागी आणणारी वाट, शिल्लक राहता कामा नये. उरतो तो स्पॅनिंग ट्री. शिरोबिंदू एन असतील, तर त्यात बरोबर एन − १ कडा असतात. हे किती वेगवेगळ्या प्रकारे जमते, एवढाच प्रश्न.

इंजिनिअरिंगच्या डिस्क्रीट मॅथ्समध्ये आणि गेट या प्रवेशपरीक्षेच्या पेपरात हा प्रश्न ठरलेला आहे. बहुतेक विद्यार्थी ग्राफ दिसला रे दिसला की मॅट्रिक्स मांडायला घेतात. मॅट्रिक्सने उत्तर येते यात शंका नाही, पण अर्ध्या गणितांत त्याची गरज नसते. दुसरे म्हणजे, उत्तर का आले हे कळले नसेल तर चूक झाल्याचेही कळत नाही. म्हणून एकच छोटा ग्राफ धरून त्याची उत्तरे चार वाटांनी काढू.

ग्राफ असा: १–२–३–४ हा चौकोन, आणि ३ व ४ यांच्या डोक्यावर ५ हा शिरोबिंदू, दोघांनाही जोडलेला. लहान मुले काढतात तसे घर. कडा सहा: १–२, २–३, ३–४, ४–१, ३–५, ४–५. शिरोबिंदू पाच, म्हणजे ट्रीमध्ये चार कडा हव्यात.

सहातून चार कडा निवडण्याचे प्रकार १५. पण कोणत्याही चार कडा घेतल्या म्हणजे ट्री होतो असे नाही. चौकोनाच्या चारही कडा घेतल्या तर ५ बाहेर पडतो. हा एक प्रकार बाद. त्रिकोणाच्या तीन कडा घेऊन चौथी कुठलीही घेतली तरी चक्र राहतेच. असे तीन प्रकार बाद. १५ − ४ = ११. या ग्राफचे स्पॅनिंग ट्री ११.

इथेच एक गोंधळ निस्तरून घ्यावा. या ११ पैकी ७ सरळ साखळ्या आहेत आणि ४ मध्ये तीन फांद्यांचा सांधा आहे. म्हणजे आकार दोनच. पण आपण आकार मोजत नाही, शिरोबिंदूंना नावे आहेत असे धरून कडांचे संच मोजतो. चार शिरोबिंदूंच्या पूर्ण ग्राफचे स्पॅनिंग ट्री १६ (१२ साखळ्या आणि ४ चांदण्या, म्हणजे मधल्या एकाच शिरोबिंदूला बाकी सगळे जोडलेले) असताना कुणी उत्तर २ लिहिले, तर गणित चुकलेले नसते, प्रश्नच वेगळा सोडवलेला असतो.

कड खोडा किंवा मिटवा

हाताने मोजण्याची सर्वांत भरवशाची रीत अशी. कोणतीही एक कड धरा. प्रत्येक स्पॅनिंग ट्रीमध्ये ती कड असते किंवा नसते. नसलेले ट्री म्हणजे ती कड खोडून उरलेल्या ग्राफचे ट्री. असलेले ट्री म्हणजे ती कड मिटवून, तिची दोन्ही टोके एकाच शिरोबिंदूत मिसळून, बनलेल्या ग्राफचे ट्री. दोन्हींची बेरीज हेच उत्तर.

आपल्या घरात ३–४ ही कड धरू. ती खोडली की पाच कडांचे एकच चक्र उरते. चक्रातून कोणतीही एक कड काढा, ट्री मिळतो, म्हणून ५. आता ती मिटवू. ३ आणि ४ एक झाले. चौकोनाचा त्रिकोण झाला, आणि ५ मात्र नव्या शिरोबिंदूला दोन कडांनी जोडला गेला, कारण ३–५ आणि ४–५ या दोन्ही आता त्याच दोन टोकांमध्ये आहेत. त्रिकोणाचे ट्री ३, दुहेरी जोडाचे २, आणि ही दोन्ही अंगे एकाच शिरोबिंदूवर टेकलेली असल्याने गुणाकार: ६. एकूण ५ + ६ = ११.

सर्वाधिक चुका याच पायरीवर होतात. ‘ग्राफ सिंपल आहे’ हे डोक्यात इतके पक्के बसलेले असते की दुहेरी कड दिसली की हात आपोआप त्यातली एक खोडतो. मग ६ ऐवजी ३ येतात आणि उत्तर ८ होते. सुरुवातीचा ग्राफ सिंपल असला तरी मोजणीच्या वाटेत तो सिंपल राहत नाही, आणि त्याला तसा राहू द्यायचा नसतो. ३–५ आणि ४–५ या मूळ ग्राफमधल्या दोन वेगळ्या कडा आहेत. मिटवल्यावर त्या शेजारी येतात, एक होत नाहीत. उलट, मिटवताना एखाद्या कडेची दोन्ही टोके एकाच शिरोबिंदूत गेली, म्हणजे लूप झाला, तर तो बिनधास्त टाकून द्या. लूप कोणत्याच ट्रीमध्ये बसत नाही. नियम लक्षात ठेवायचा तो हा: दुहेरी ठेवा, लूप फेका.

या रीतीला मर्यादा आहे. काहीच शॉर्टकट न वापरता शेवटपर्यंत खोडत-मिटवत गेलात तर जितके ट्री तितक्या शाखा कागदावर येतात. पीटरसन ग्राफला शिरोबिंदू फक्त १० आणि कडा १५, पण ट्री २०००. म्हणून आधी ग्राफ हलका करून घ्यावा. एकाच कडेने लटकलेला शिरोबिंदू सरळ काढून टाका, संख्या बदलत नाही. जी कड काढल्याने ग्राफचे दोन तुकडे होतात ती प्रत्येक ट्रीमध्ये असणारच, ती मिटवा. दोन भाग एकाच शिरोबिंदूवर टेकले असतील तर त्यांची उत्तरे वेगवेगळी काढून गुणा. एवढे केले तरी परीक्षेतले निम्मे ग्राफ दोन-तीन ओळींत सुटतात.

याहून पुढची युक्ती फिजिक्समधून आलेली आहे आणि ती फार सुरेख आहे. प्रत्येक कडेला वजन द्या, सुरुवातीला सगळ्यांना १. शेजारी-शेजारी असलेल्या दुहेरी कडांची वजने मिळवा आणि एकच कड ठेवा. दोनच कडा असलेला शिरोबिंदू मध्ये असेल, तर त्या दोन कडांऐवजी एक कड ठेवा: वजने अ आणि ब असतील तर नवे वजन अब ÷ (अ + ब), आणि बाजूला गुणक म्हणून (अ + ब) लिहून ठेवा. घरात ४–१–२–३ या तीन कडांची मिळून वजन १/३ ची एक कड होते, गुणक एकूण ३. ४–५–३ ची वजन १/२ ची कड होते, गुणक २. आता ३ आणि ४ मध्ये तीन कडा उरल्या: १, १/३ आणि १/२. बेरीज ११/६. गुणक ३ × २ = ६. गुणाकार ११.

विजेच्या सर्किटमधले सिरीज-पॅरलल ज्यांच्या हातात बसले आहे त्यांनी हे ओळखले असेल. वजन म्हणजे त्या कडेची वाहकता, रोधाचा व्यस्त. हा योगायोग नाही. गुस्टाव्ह किरखॉफ यांनी १८४७ साली विजेच्या जाळ्यातले प्रवाह काढताना जी सूत्रे मांडली, त्यांच्यात स्पॅनिंग ट्रीवरच्या बेरजा आल्या होत्या. खालचे मॅट्रिक्सचे प्रमेय त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

निश्चयकाची वाट

पाच शिरोबिंदूंसाठी ५ × ५ चे मॅट्रिक्स, म्हणजे ओळी-स्तंभांचा आकड्यांचा तक्ता, मांडा. मुख्य कर्णावर त्या-त्या शिरोबिंदूची डिग्री, म्हणजे त्याला लागलेल्या कडांची संख्या. दोन शिरोबिंदू जोडलेले असतील तर एकाची ओळ आणि दुसऱ्याचा स्तंभ मिळतात त्या जागी −१, नसतील तर ०. याला लाप्लासियन म्हणतात. आपल्या घराचा असा:

१ ची ओळ: २, −१, ०, −१, ०
२ ची ओळ: −१, २, −१, ०, ०
३ ची ओळ: ०, −१, ३, −१, −१
४ ची ओळ: −१, ०, −१, ३, −१
५ ची ओळ: ०, ०, −१, −१, २

पुढे जाण्याआधी प्रत्येक ओळीची बेरीज करा. शून्य आली नाही तर मांडणीतच चूक आहे. सगळ्या ओळींची बेरीज शून्य असल्यामुळे अख्ख्या मॅट्रिक्सचा निश्चयक (डिटर्मिनंट, म्हणजे मॅट्रिक्सवरून ठरावीक रीतीने निघणारी एक संख्या) नेहमी ० येतो. काहीजण तोच काढून ‘ट्री नाहीत’ असे लिहून मोकळे होतात. कोणत्याही एका शिरोबिंदूची ओळ आणि त्याच शिरोबिंदूचा स्तंभ काढून टाकायचा, आणि उरलेल्याचा निश्चयक घ्यायचा. तीच ट्रींची संख्या.

कोणता शिरोबिंदू काढायचा? उत्तर तेच येते, कष्ट मात्र तेवढेच पडत नाहीत. बहुधा जास्तीत जास्त डिग्रीचा काढणे फायद्याचे असते, कारण त्याच्याबरोबर सर्वाधिक −१ निघून जातात. इथे ३ काढला की उरलेले चार शिरोबिंदू २–१–४–५ अशी साखळी बनवतात. ओळी-स्तंभ याच क्रमाने लावले तर कर्णावर २, २, ३, २ आणि फक्त कर्णाला लागून −१. अशा मॅट्रिक्सचा निश्चयक पायरीपायरीने काढता येतो: पहिली किंमत २; मग २ × २ − १ = ३; मग ३ × ३ − २ = ७; मग २ × ७ − ३ = ११. प्रत्येक वेळी कर्णावरची पुढची संख्या गुणिले आधीची किंमत, वजा त्याच्या आधीची किंमत. मोठा विस्तार लिहायची गरजच पडली नाही.

दहावीच्या बीजगणितात क्रेमरच्या पद्धतीत भेटलेला निश्चयक ट्री कसे मोजतो? प्रत्येक कडेला मनाला येईल ती दिशा द्या. ओळी शिरोबिंदूंच्या, स्तंभ कडांचे असा तक्ता करा; कड जिथून निघते तिथे १, जिथे पोचते तिथे −१, बाकी ०. या तक्त्यातली एक ओळ काढा, उरलेला तक्ता आणि त्याचाच आडवा-उभा पालटलेला तक्ता यांचा गुणाकार करा: आपला कापलेला लाप्लासियन मिळतो. कोशी-बिने सूत्र सांगते की या गुणाकाराचा निश्चयक म्हणजे चार-चार स्तंभांच्या सगळ्या निवडींच्या निश्चयकांच्या वर्गांची बेरीज. निवडी १५. निवडलेल्या चार कडांमध्ये चक्र असेल, तर चक्राभोवती योग्य चिन्हे लावून बेरीज केली की ते स्तंभ एकमेकांना खोडतात आणि निश्चयक ० येतो. त्या कडांचा ट्री असेल, तर टोकाचा, म्हणजे एकच कड लागलेला, शिरोबिंदू एकेक करून सोलत गेल्यावर १ किंवा −१ येतो. वर्ग केला की १. म्हणजे अकरा वेळा १ आणि चार वेळा ०. सुरुवातीला बोटांवर केलेली १५ − ४ ची मोजणीच निश्चयक आतल्या आत करत असतो.

पूर्ण ग्राफ

प्रत्येक शिरोबिंदू प्रत्येकाला जोडलेला असेल तर ट्रींची संख्या एन चा (एन − २) वा घात. तीनसाठी ३, चारसाठी १६, पाचसाठी १२५, सहासाठी १२९६, दहासाठी १० कोटी. सूत्राला आर्थर केली यांचे नाव आहे, त्यांचा लेख १८८९ चा. पण १८६० मध्येच बोरखार्ट यांनी ते निश्चयकाने काढले होते आणि केली यांनी त्यांचा उल्लेखही केला आहे.

याची सर्वांत देखणी सिद्धता हाइन्झ प्र्यूफर यांची, १९१८ ची. ट्रीमधला सर्वांत लहान क्रमांकाचा टोकाचा शिरोबिंदू शोधा, तो ज्याला जोडला आहे त्याचा क्रमांक लिहा, आणि तो टोकाचा शिरोबिंदू काढून टाका. दोनच शिरोबिंदू उरेपर्यंत हेच करा. समजा ट्रीच्या कडा १–४, २–४, ४–३, ५–३, ३–६ आहेत. १ निघाला, ४ लिहा. २ निघाला, ४ लिहा. आता ४ स्वतः टोकाचा झाला आणि ५, ६ पेक्षा लहान आहे. तो निघाला, ३ लिहा. मग ५ निघाला, ३ लिहा. संकेत झाला ४, ४, ३, ३. या संकेतावरून तोच ट्री परत बांधता येतो: संकेतात नसलेला सर्वांत लहान क्रमांक संकेताच्या पहिल्या संख्येला जोडा, दोन्ही आपापल्या यादीतून काढा, पुढे चला, शेवटी उरलेले दोन एकमेकांना जोडा. संकेताची लांबी एन − २, प्रत्येक जागी एन पर्याय. संपले. शिवाय प्रत्येक शिरोबिंदू संकेतात त्याच्या डिग्रीपेक्षा एक वेळा कमी येतो, त्यामुळे ‘३ ची डिग्री बरोबर ३ असलेले ट्री किती’ असले प्रश्नही इथूनच सुटतात.

परीक्षेत आवडीने विचारला जाणारा एक प्रकार: पूर्ण ग्राफमधली एक कड काढली तर? प्रत्येक ट्रीमध्ये एन − १ कडा, एकूण कडा एन(एन − १)/२, आणि सगळ्या कडा एकसारख्याच. म्हणून ठरावीक कड २/एन इतक्या हिश्शाच्या ट्रींमध्ये असते. तेवढे ट्री वजा करा. चारच्या पूर्ण ग्राफमध्ये निम्मे जातात, ८ उरतात. पाचच्यामध्ये १२५ पैकी ५० जातात, ७५ उरतात. दोन कडा काढल्यावर मात्र ही सरळ वजाबाकी चालत नाही. त्या कडांना सामाईक टोक आहे की नाही यावर उत्तर बदलते.

दोन गटांचा पूर्ण ग्राफ, एका गटात एम आणि दुसऱ्यात एन शिरोबिंदू, याचे उत्तर एम चा (एन − १) वा घात गुणिले एन चा (एम − १) वा घात. तीन-तीनचा असेल तर ९ × ९ = ८१. घातांक उलटे लिहिण्याची चूक इतक्या वेळा होते की एम = १ घालून पाहण्याची सवयच लावावी: ती चांदणी आहे, उत्तर १ यायला हवे.

ग्राफ सममित असेल तर लाप्लासियनच्या आयगेन व्हॅल्यू (ज्या संख्या कर्णावरून वजा केल्या की निश्चयक ० होतो त्या, जितक्या वेळा येतात तितक्या धरून) वापरा: शून्य सोडून बाकी सगळ्यांचा गुणाकार भागिले एन. घनाच्या ग्राफच्या व्हॅल्यू ०, तीन वेळा २, तीन वेळा ४, आणि ६. म्हणून ८ × ६४ × ६ ÷ ८ = ३८४. पीटरसनच्या ०, पाच वेळा २, चार वेळा ५. ३२ × ६२५ ÷ १० = २०००.

कॉम्प्युटरवर

निश्चयकाला साधारण एन च्या घनाइतक्या पायऱ्या लागतात, म्हणून शेकडो शिरोबिंदूंचा ग्राफही चुटकीसरशी होतो. अडचण वेळेची नसते, आकड्यांच्या आकाराची असते. ४ × ४ च्या जाळीला १६ शिरोबिंदू आणि ट्री १,००,३५२. १७ शिरोबिंदूंच्या पूर्ण ग्राफची संख्या ६४ बिटांच्या पूर्णांकात मावते, १८ ची मावत नाही. दशांश अपूर्णांकांत काम करणारी नेहमीची लायब्ररी तर साधारण ९ × १०^१५ च्या पुढे शेवटचे अंक अचूक देण्याची हमीच देऊ शकत नाही. छोट्या ग्राफलाही ती १०.९९९९९ सारखे काही देते आणि घाईत पूर्णांक करताना ११ चे १० होतात. अचूक उत्तर हवे असेल तर बॅरिसची पद्धत वापरावी, जिच्यात प्रत्येक भागाकार निःशेष जातो, आणि भाषा मोठे पूर्णांक सांभाळणारी घ्यावी.

किंवा उत्तर एका मूळ संख्येच्या बाकीत काढावे. प्रोग्रामिंग स्पर्धांत बहुधा हेच मागतात. तिथे −१ च्या जागी मूळ संख्या वजा १ लिहा, भागाकाराऐवजी व्यस्ताने (ज्याने गुणल्यावर बाकी १ येते त्या संख्येने) गुणा, आणि ओळींतून ओळी वजा करत जाताना कर्णावर शून्य आले तर खालची ओळ वर घेऊन चिन्ह बदलायला विसरू नका. साध्या संख्यांत जोडलेल्या ग्राफच्या बाबतीत कर्णावर शून्य कधीच येत नाही, आले तर ग्राफ तुटलेला आहे. बाकीच्या गणितात मात्र ग्राफ धडधाकट असूनही ते येऊ शकते. दोन-चार मूळ संख्यांच्या बाक्यांवरून खरे उत्तर जुळवायचे असेल, तर उत्तर किती मोठे असू शकते हे आधी ठाऊक हवे: काढलेला शिरोबिंदू सोडून बाकीच्यांच्या डिग्रींचा गुणाकार ही वरची मर्यादा. घरासाठी २ × २ × ३ × २ = २४.

पडताळणीला आणखी एक गोष्ट उपयोगी पडते. प्रत्येक कड किती ट्रींमध्ये आहे ते काढा. घरात ३–४ ही ६ ट्रींमध्ये, चौकोनाच्या बाकीच्या तीन कडा प्रत्येकी ८, छपराच्या दोन प्रत्येकी ७. बेरीज ६ + २४ + १४ = ४४, आणि ती ११ × ४ यायलाच हवी, कारण प्रत्येक ट्रीमध्ये चार कडा. शिवाय प्रत्येक कड एक ओहमची धरली तर ३ आणि ४ मधला परिणामी रोध बरोबर ६/११ ओहम येतो. जी कड जितक्या जास्त ट्रींमध्ये, तिला पर्याय तितके कमी. जाळ्यातले नाजूक दुवे शोधायला हाच आकडा वापरतात.

सगळ्या ट्रींमधून एक समान संधीने उचलायचा असेल तर कडांना यादृच्छिक वजने देऊन क्रुस्कलची पद्धत (कमी वजनाच्या कडेपासून सुरू करून, चक्र होणार नाही अशी कड घेत जाणे) चालवण्याचा मोह होतो. तो आवरा. घरावर तसे केले तर ३–४ ही कड येण्याची शक्यता ७/१२ होते, यायला हवी ६/११. त्याऐवजी डेव्हिड विल्सन यांची १९९६ ची पद्धत घ्या. एक शिरोबिंदू मूळ म्हणून निवडा; सुरुवातीला ट्री म्हणजे एवढाच. ट्रीबाहेरच्या कोणत्याही शिरोबिंदूपासून निघा आणि दर पावलाला शेजाऱ्यांपैकी एक समान संधीने निवडत चाला. वाटेत आधीच्या जागी परत आलात तर तेवढा फेरा पुसून टाका. ट्रीला पोचलात की उरलेली वाट त्यात जोडा, आणि बाहेर राहिलेल्या पुढच्या शिरोबिंदूपासून पुन्हा निघा. शिरोबिंदू कोणत्याही क्रमाने घेतले तरी अकराही ट्री १/११ याच शक्यतेने मिळतात.